वाचकांचे प्रश्न : आजोबा लढाईवर होते म्हणतात, पण पुरावा कुठे शोधायचा?

घराण्याच्या इतिहासावर प्रश्न पाठवा असं सांगितलं तेव्हा वाटलं होतं की कुलदैवत, आडनाव कुठून आलं, वंशावळ कशी काढायची असलं येईल. तेही आलं, पण निम्म्याहून जास्त लोकांनी एकच काळ विचारलाय, १९३९ ते १९४५, म्हणजे दुसरं महायुद्ध आणि तेव्हाचं आपलं गाव. तो काळ बघितलेली घरातली शेवटची माणसं आता नव्वदीत आहेत, हेच कारण असावं. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्यावरच.

प्रश्न : आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, जिल्हा सातारा. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. घरात "इटलीत गेले" एवढंच सांगतात. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या मोठ्या आजीला, शेवटपर्यंत पेन्शन होती, आता तीही नाही. ट्रंकेत चांदणीसारखं एक पदक सापडलं, लाल पांढरी हिरवी फीत आहे. फोटो नाही, कागद नाही. नेटवर शोधलं तर हजारो नावं येतात. सुरुवात कुठून करू? (पुण्याहून एक वाचक)

नेट थोडं बाजूला ठेवा आणि आधी ते पदक पालथं करा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतल्या शिपायांना जी स्टार पदकं मिळाली ती कोरी होती, पण हिंदी फौजेच्या पदकांवर बहुतेक वेळा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदणी असेल तर मागच्या बाजूला, गोल पदक असेल तर कडेवर. अक्षरं बारीक असतात, आणि घरच्यांनी दर दसऱ्याला चिंच लावून घासलं असेल तर पुसटही झालेली असतात, त्यामुळे कृपा करून पितांबरी लावू नका, टॉर्चचा उजेड तिरका मारा, मोबाईलवर फोटो काढा आणि झूम करून वाचा. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. नंबराशिवाय नुसतं नाव आणि "सातारा" एवढ्यावर शोधायला गेलात तर जन्म जाईल.

फितीचं म्हणाल तर लाल-पांढरी-हिरवी म्हणजे इटली स्टार. फिती लोक हौसेने बदलतात, म्हणून चांदणीच्या मधल्या गोलात इंग्रजीत तेच लिहिलंय ना ते बघून घ्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण "इटलीत होते" या वाक्याच्या मागे आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा मराठा पलटणीची दुसरी बटालियन तिथे होती आणि ती पकडली गेली, आणि आफ्रिकेत पकडलेले पुष्कळ हिंदी शिपाई कैदी म्हणून इटलीतल्या छावण्यांमध्ये नेले गेले. त्यांच्या घरीही "इटलीत होते" असंच सांगतात, पण ट्रंकेत आफ्रिका स्टार निघतो. इटली स्टार हा तिथल्या मोहिमेवर असलेल्यांना मिळायचा. म्हणजे तुमचे थोरले आजोबा मोहिमेवर होते, असं धरून चाला.

आता पलटण कुठली. मराठ्यांची पहिली बटालियन इटलीत ८व्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती, तिसरी १०व्या डिव्हिजनमध्ये. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, जे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, ते तिसरीतले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ज्यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर पराक्रम केला, ते पहिलीतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पण सातारा म्हटलं की मराठा लाइट इन्फन्ट्रीच असं धरून बसू नका, आपली पोरं खडकीच्या बाँबे सॅपर्समध्ये (फौजेच्या इंजिनिअर तुकड्यांत) होती, सप्लायच्या लॉऱ्यांवर होती, खेचरांच्या तुकड्यांत होती, आणि लष्करी दवाखान्यात पण होती. घरच्या आठवणीत सगळेच "बंदूक घेऊन पुढे" असतात, कागदावर बघितलं तर ड्रायव्हर निघतो. निघू दे, ड्रायव्हरच्या लॉरीवर पण तोफा पडत होत्या.

यानंतर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी. ही नेटवर फुकट आहे आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीवर असताना वारलेल्यांची नावं त्यात आहेत (फक्त वारलेल्यांची, जे परत आले त्यांना तिथे शोधू नका, हे लोक हमखास विसरतात). त्यात आडनाव टाकून शोधू नका. पलटण, देश आणि वर्ष एवढे फिल्टर लावा आणि जी यादी येईल ती सरळ बसून वाचून काढा, कारण आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग कंपनीच्या कारकुनाने जसं कानावर पडलं तसं केलंय. नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव दिलेलं असतं, गावाचं स्पेलिंग मात्र असं की मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. कबर सापडली नाही म्हणून घाबरू नका. हिंदू शिपायांना बहुतेक अग्नी दिला, त्यामुळे त्यांची नावं स्मारकाच्या भिंतीवर असतात, इटलीत वारले असतील तर सांग्रो नदीचं स्मारक, फोर्लीचं स्मारक, आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही त्यांच्यासाठी कॅसिनोचं स्मारक. घाडग्यांचं नाव कॅसिनोलाच आहे.

आणि आता तुम्ही जे एका ओळीत उरकलंत तिकडे येऊ. मोठ्या आजीची पेन्शन! अहो, हाच तुमचा सगळ्यात पक्का धागा आहे. पेन्शन होती म्हणजे पेन्शनचं पुस्तक होतं, त्यावर नंबर होता, आणि ती ट्रेझरीतून किंवा पोस्टातून किंवा बँकेतून यायची. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तिच्या नावाने विचारा, त्यांच्या नाही. आपण शिपायाचं नाव शोधत बसतो आणि फाइल असते विधवेच्या नावावर. ज्यांना लष्कराची पेन्शन नव्हती अशा दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदानही आहे, त्याचे अर्जही याच कार्यालयातून गेलेले असतात.

तलाठ्याकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातही एक फेरी मारा. थोरले आजोबा वारले तेव्हा त्यांच्या वाट्याच्या जमिनीला वारस लागले असणार, म्हणजे फेरफार (गाव नमुना ६) पडला असणार, त्यात मयत केव्हा झाले, वारस कोण, मुलगा लहान असेल तर अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून कोणाचं नाव लागलं ते सगळं असतं. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकही बघा, पण माणूस परदेशात वारला असेल तर मृत्यूची नोंद तिथे असेलच असं नाही, जन्माची मात्र असू शकते. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत ही जुनी बुकं बाहेर निघाली, बऱ्याच ठिकाणी स्कॅन झाली, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी "असलं काही नाही" म्हणणारे आता कपाट दाखवतात.

एवढं जमलं की मग बेळगावला, मराठा पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नंबर, हुद्दा, बटालियन, नातं काय याचा पुरावा जोडून, आणि शक्यतो सैनिक कल्याणच्या मार्फत. दुसऱ्या पलटणीचे निघाले तर त्यांचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. लंडन सगळ्यात शेवटी. साध्या हिंदी शिपायांची सर्व्हिस रेकॉर्ड लंडनमध्ये नाहीत, ती इथेच पलटणींकडे. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये मिळते ती बटालियनची वॉर डायरी, त्या दिवशी पलटण कुठल्या टेकडीवर होती, पाऊस होता का, किती माणसं पडली वगैरे. शिपायाचं नाव त्यात क्वचित येतं, नाव येतं ते साहेबांचं. पण मृत्यूची तारीख हातात असेल तर त्या तारखेचं पान वाचायला मिळणं हे थोडं नाही.

एक सांगायचं राहिलं. गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजी संगमरवरी पाटी असेल की या गावातून इतकी माणसं गेली, इतकी कामी आली, तर ती पहिल्या महायुद्धाची, १९१४ ते १९१९ ची. त्यावर फक्त आकडे असतात. अपशिंगे मिलिटरीची ४६ जणांची पाटी सगळ्यांना माहीत आहे, तसल्या सातारा-रत्नागिरीत पुष्कळ आहेत. तुमच्या थोरल्या आजोबांचा त्या पाटीशी संबंध नाही. आणि कोणाचे पणजोबा पहिल्या युद्धातले असतील तर त्यांच्यासाठी: १९२२ च्या आधी पलटणीचे नंबर वेगळे होते, १०३ मराठा म्हणजे पुढची पहिली बटालियन, १०५ म्हणजे दुसरी, ११० म्हणजे तिसरी. जुन्या कागदावर "एकशेदहा" दिसलं तर गोंधळू नका. १०३ आणि ११० दोन्ही इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथली सगळी फौज तुर्कांच्या ताब्यात गेली. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं नेटवर टाकली आहेत, तिथे बघता येईल.

प्रश्न : आमच्या घरात वाद आहे. आजोबा फौजेत होते (बर्मा), आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ पत्री सरकारमध्ये. आता कुटुंबाचं पुस्तक छापतोय तर एक पार्टी म्हणते इंग्रजांच्या फौजेचं लिहू नका, दुसरी म्हणते चुलत आजोबांचे पुरावे कुठे आहेत. गाव पलूस तालुक्यात. (सांगलीहून)

दोन्ही लिहा की. एका घरातला एक भाऊ बर्माला आणि दुसरा उसाच्या फडात लपलेला, असं त्या पट्ट्यात पुष्कळ घरांत होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे मला कळत नाही. दोघं भाऊ एकाच जमिनीवर होते, ती जमीन सगळ्यांना पोसत नव्हती म्हणून एक भरती झाला. महिन्याची मनिऑर्डर कोणाच्या चुलीत गेली ते विचारा एकदा, भूमिगत भावाच्या पोरांनाही त्यातूनच भाकरी मिळाली असेल.

आता शोधाचं. पहिला प्रश्न हा की तुमचं गाव १९४२ ला कोणाच्या हद्दीत होतं? आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं, त्याआधी ब्रिटिश हद्दीतली गावं सातारा जिल्ह्यात, आणि मधे मधे औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं. तुमच्या शेजारचं कुंडल औंध संस्थानात होतं. इंग्रजांचे पोलीस संस्थानात सरळ घुसू शकत नव्हते, भूमिगतांना ते सोयीचं होतं. त्यामुळे एका गावचा कागद साताऱ्याला आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या गावचा संस्थानी दप्तरात, असं होतं. सांगलीत सापडलं नाही म्हणून नाही असं म्हणू नका.

चुलत आजोबांचे पुरावे दोन थरांत शोधायचे. एक थर त्या काळातला. वडूजचा ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा, इस्लामपूरचा १० सप्टेंबरचा, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली ती, अशा घटनांचे खटले झाले, अटका झाल्या, फरारी लोकांच्या जमिनी-भांडी जप्त झाली. ते कागद पोलीस, कोर्ट आणि तुरुंगाचे, आणि मुंबई सरकारच्या होम डिपार्टमेंटच्या फाइली मुंबईला राज्य पुराभिलेखागारात. दुसरा थर स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा. केंद्राची योजना १९७२ ला आली, नंतर १९८० ला वाढली, आणि जे तुरुंगात गेलेच नाहीत, भूमिगतच होते, त्यांना दुसऱ्या नामांकित स्वातंत्र्यसैनिकांचे दाखले जोडावे लागायचे. कलेक्टर कचेरीत ही फाइल मिळू शकते आणि ती वाचायला फार छान असते, माणूस स्वतः बोलतो त्यात. फक्त लक्षात ठेवा की ते तीस-पस्तीस वर्षांनी, अटी बघून लिहिलंय. महिने पुढेमागे झालेले असतात, "सहा महिने भूमिगत" हा आकडा का येतो ते अट वाचली की कळतं. १९४३ च्या कागदाशी ताडून बघितल्याशिवाय छापू नका.

आणि एक नाजूक गोष्ट. पत्री सरकारने ज्यांना शिक्षा केल्या, ज्यांच्यावर खबरे म्हणून शिक्का बसला, त्यांचीही नातवंडं तुमच्याच गावात राहतात, तुमच्याच यात्रेला वर्गणी देतात. कागदात नाव सापडलं म्हणून ते कुटुंबाच्या पुस्तकात घालायलाच पाहिजे असं नाही, माझ्या मते घालू नये. तसंच गावातल्या ब्राह्मण घरांकडे जुने फोटो, रोजकिर्दी असतील म्हणून विचारायला जाल तर १९४८ ची जाळपोळ लक्षात ठेवून जा. गांधीवधानंतर त्या भागात घरं जळली आणि घरांबरोबर दप्तरंही गेली. "तुमच्याकडे काहीच कसं नाही" असं म्हणायची ती जागा नाही.

प्रश्न : माझी आजी सांगायची की लढाईच्या वेळी कोल्हापूरजवळ गोऱ्या बायकापोरं राहायची, ती तिथे भाजी-अंडी विकायला जायची आणि त्यांची भाषा चार शब्द बोलायची. आम्ही हसायचो. हे खरं आहे का? (कोल्हापूर)

शंभर टक्के खरं, आणि हसू नका, आजी म्हणत होती ती वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८ तिथे जवळपास ५००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलेलं, तिथून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आले. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, दुकानं होती. पुढे ते लोक गेले आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तीच जागा मिळाली, आजचं गांधीनगर. म्हणजे तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जिथे जाता तिथेच आजीने अंडी विकली.

शोधायचं तर तीन बाजूंनी. कोल्हापूर तेव्हा संस्थान, त्यामुळे दरबारचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. हिंदुस्थान सरकारचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, त्यांच्या "अभिलेख पटल" या पोर्टलवर घरबसल्या शोधता येतो, पुष्कळ फाइली फुकट वाचता येतात, शोधताना वळिवडे या नावाची इंग्रजी स्पेलिंगं बदलून बदलून टाका. आणि तिसरी बाजू पोलिश. इथे लहानपण गेलेल्यांनी लंडनमध्ये स्वतःची संघटना काढली, आठवणी गोळा केल्या, फोटो जपले. त्या फोटोंमध्ये बाजाराच्या दिवसाचे फोटो असतील तर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे नीट बघा. महावीर गार्डनमध्ये त्या लोकांचं स्मारक आहे, आजीचे ते चार शब्द कोणाला आठवत असतील तर आधी जसे ऐकले तसे देवनागरीत लिहून काढा, अर्थ नंतर लावू.

प्रश्न : पणजोबा मुंबई गोदीत कामाला होते, "गोदीचा स्फोट झाला त्यात गेले" एवढंच माहीत. बॉडी मिळाली नाही. आई म्हणते आंबेडकर जयंतीचा दिवस होता. कुठे नोंद असेल का? (डोंबिवली)

आईचं बरोबर आहे. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी चारच्या सुमाराला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलं होतं, इंग्लंडहून कराचीमार्गे आलेलं, पोटात साधारण १४०० टन दारूगोळा, त्याच्याबरोबर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली, ती विझेना, आणि दोन मोठे स्फोट झाले. मांडवी, मशीद बंदरकडचा भाग जळाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात. सोन्याची वीट उडून लांबच्या घरावर पडली हेही खरंच नोंदलेलं आहे, मात्र गिरगावातल्या प्रत्येक घरात एक तरी पणजोबा असतोच ज्याने ती वीट बघितली आणि परत केली, ते जरा बाजूला ठेवा.

बातमी लष्करी सेन्सॉरने दाबून धरली होती, त्यामुळे १५ एप्रिलच्या पेपरात शोधून हाती फारसं काही लागणार नाही, मे महिन्याचे अंक काढा. महापालिकेच्या मृत्यू नोंदी वॉर्डप्रमाणे आहेत, गोदीच्या बाजूच्या वॉर्डात एप्रिल आणि मे दोन्ही महिने बघा, आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांतल्या मृत्यूंची नोंद त्या दवाखान्याच्या वॉर्डात लागते हे लक्षात घ्या. बॉडी मिळाली नाही त्यांची नोंद उशिरा होते किंवा होतच नाही. पण भरपाई! सरकारने १९४४ मध्येच या स्फोटाच्या भरपाईसाठी वेगळा वटहुकूम काढला होता. पणजीने अर्ज केला असेल, नसेल, पण गावाकडे पैसे आले का, कोणाच्या नावाने आले, त्यातून बैल घेतला का कर्ज फेडलं, हे घरात विचारा. पणजोबा कायम नोकरीत होते की मुकादमामार्फत रोजावर, यावरही बरंच ठरतं. रोजावरच्या माणसाचं नाव पोर्ट ट्रस्टच्या हजेरीत शोधण्यात वेळ घालवू नका, गावच्या वारसनोंदीत शोधा.

प्रश्न : ताई, मी चिपळूणची, एस.वाय.ला आहे. माझी आजी ९४ वर्षांची आहे, सगळं आठवतं तिला पण तारखा सांगता येत नाहीत. २०२१ च्या पुरात घरातले सगळे कागद-फोटो गेले. आता फक्त आजीच आहे. काय विचारू आणि कसं?

तारीख विचारूच नकोस. "१९४३ साली काय होतं" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात, त्यांना वाटतं परीक्षा घेतेय. वस्तू विचार. भोकाचा पैसा आठवतो का? तो १९४३ ला निघाला, म्हणजे "भोकाचा पैसा देऊन चणे घेतले" असं म्हणाली तर गोष्ट १९४३ किंवा नंतरचीच. रॉकेल मिळत नव्हतं तेव्हा दिवा कशाचा? लुगडं किती दिवस पुरवायचे, स्टँडर्ड कापड (युद्धात सरकारने काढलेलं स्वस्त कापड) घरात आलं होतं का, ते अंगाला कसं लागायचं? भात लेव्हीला, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या खरेदीला, किती गेला आणि कोठीत कुठे लपवला? (हे शेवटचं हसत विचार, नाहीतर अजूनही सांगणार नाही.)

कोकणात एक खूण फार पक्की आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि आता मुंबईवर पडणार म्हणून लोक मुंबई सोडून निघाले. चाकरमानी बायकापोरांसकट गावी आले. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. "मुंबईची माणसं आली तेव्हा आपल्याकडे कोण राहिलं, कुठे झोपायचे, त्यांची पोरं शाळेत आली का" असं विचार, बघ कशी खुलते ते. मग गावच्या शाळेत जा आणि जनरल रजिस्टरमध्ये १९४२ चे दाखले बघ, मुंबईच्या शाळेतून आलेली पोरं सापडली तर आजीची आठवण आणि कागद जुळले. रजिस्टरमधल्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नकोस, मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जून दिलीय. आणि आजीचं नाव सासरच्या गावात शोधू नकोस, ती शाळेत गेली असेल तर माहेरच्या गावात, माहेरच्या नावाने.

आठवणी एकमेकींत मिसळतात ते ओळखायला शिक. "रेशनला लाल मिलो मिळायची, गिळवत नव्हती" हे ती महायुद्धाचं म्हणून सांगेल, पण मिलो ज्वारी अमेरिकेतून आली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास. तिला टोकू नकोस, वहीत बाजूला लिहून ठेव. मधल्या खुणा म्हणून कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) घे, तुमच्याकडे तो सगळ्यांना आठवतो, "भूकंपाच्या आधी की नंतर" हा प्रश्न चालतो.

रेकॉर्डिंग मोबाईलवर कर, सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख आणि आजीचं नाव बोल, फाइल दोन ठिकाणी ठेव, एक चिपळूणबाहेर. दुपारचं जेवण झाल्यावर बस, एका वेळी थोडंच. घरातली मोठी माणसं शेजारी बसली की "असं नव्हतं गं आई" सुरू होतं, त्यांना चहा करायला पाठव. आणि घरातलं कोणी बोटीवर होतं का तेही विचार, रत्नागिरीची पुष्कळ माणसं युद्धात खलाशी म्हणून गेली आणि ती फौजेच्या यादीत सापडत नाहीत कारण ती व्यापारी जहाजांवर होती. बुडालेल्या जहाजांवरच्या हिंदी खलाशांची नावंसुद्धा वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आहेत, मुंबई आणि चितगाव अशा दोन स्मारकांच्या नावाखाली.

प्रश्न : न्यू जर्सीत असतो. काकांकडून आजोबांची युद्धातली पत्रं आली, काही बाळबोध, काही मोडी. सगळ्या पत्रांत "सुखरूप आहे, काळजी नसावी" याशिवाय काही नाही. कुठून लिहिली तेही नाही. यातून काही निघेल का?

निघेल. ठिकाण लिहायला मनाईच होती, सेन्सॉर खोडायचा. तुम्ही मजकूर सोडा आणि पाकीट बघा. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असेल, एफ.पी.ओ. आणि आकडा. कुठला नंबर कुठल्या महिन्यात कुठे होता याच्या याद्या पोस्टाची तिकिटं-शिक्के जमवणाऱ्या मंडळींनी करून ठेवल्या आहेत, नंबर आणि तारीख दोन्ही मिळाले की बहुतेक वेळा देश तरी कळतो, कधी गावही. पाकिटं फेकून नुसती पत्रं ठेवली असतील तर काकांना आजच फोन करा.

मोडीसाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेख विभाग वर्ग घेतात, तिथे शिकलेली बरीच मंडळी वाचून देतात. तुम्ही फक्त स्कॅन करून पाठवा, दोन्ही बाजू, रंगीत, मूळ कागद कोणाला देऊ नका आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका. वाचून घेताना अक्षर एकाच हाताचं आहे का तेवढं विचारा. बाळबोध एका हातचं आणि मोडी दुसऱ्या हातचं असेल तर आजोबा एखाद्याकडून लिहून घेत होते. पत्राच्या शेवटी "लिहिणार अमुक" असं कोपऱ्यात असतं, तो बहुधा त्याच कंपनीतला माणूस. त्याचं नाव, गाव मिळालं तर त्याच्या घरीही पत्रं असतील, आणि त्यात कदाचित तुमच्या आजोबांबद्दल काहीतरी लिहिलेलं असेल.